मोठ्या नांगराखालचा दगड

बिरेचचा नवा ट्रॅक्टर मोइबेन गावच्या कच्च्या रस्त्यावरून वळला आणि फाटकातच अडकला. त्याची बायको जेमेली स्वागताला म्हणून वाळक्या भोपळ्याच्या तुंब्यात आंबवलेलं दूध घेऊन उभी होती. तिने तोंडाचा आ वासला तो मिटेचना.

"अहो, हा ट्रॅक्टर आहे की हत्ती?" ती म्हणाली. "घेताना आपलं फाटक आठवलं नाही का?"

नव्हतं आठवलं. फाटकाचे दोन्ही खांब जुन्या ट्रॅक्टरच्या मापाने रोवलेले होते. शेवटी बिरेचने कोट काढून जेमेलीच्या हातात दिला, एक खांब उपटला, तेव्हा कुठे स्वारी अंगणात आली. मग जेमेलीने चाकांवर मुरसिक, म्हणजे ते आंबवलेलं दूध, शिंपडलं आणि उरलेलं नवऱ्याला पाजलं.

नवा म्हणजे तसा कोरा नव्हे. गव्हाच्या एका बड्या शेतकऱ्याने वापरून काढून टाकलेला. पण नव्वद एचपीचा, आणि मागचं चाक बिरेचच्या खांद्याला लागणारं. याआधीचा पस्तीस एचपीचा होता. तोही जुनाच घेतलेला, रोज सकाळी ढकलल्याशिवाय न उठणारा. त्याच्यामागे दोन तव्यांचा, म्हणजे लोखंडी चकत्यांचा, नांगर चालायचा. तो जमीन नांगरायचा म्हणण्यापेक्षा तिच्या केसांतून कंगवा फिरवायचा. बिरेचच्या बापाने, म्हाताऱ्या चुमोने, तो ट्रॅक्टर आणला होता आणि स्वतः जिवंत असेपर्यंत दुसरा घेऊ दिला नव्हता. "वरवर नांगरायचं," चुमो म्हणायचा. "खालची माती कडू असते, ती वर आणू नये." बिरेचला हे शेतीतलं शहाणपण वाटायचं आणि तो ते चारचौघांत सांगायचाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ट्रॅक्टर शेतात उतरला. त्याच्याबरोबर एलिजा नावाचा ड्रायव्हर आला होता, चार दिवस शिकवून परत जाणार होता. पाऊस यायला अजून अवकाश होता, जमीन विटेसारखी कडक. एलिजाने तीन तव्यांचा नांगर खाली सोडला, इंजिन एकदाच घुमलं, आणि लाल मातीची ढेकळांमागून ढेकळं उलटत गेली. बघायला आलेले शेजारी जवळ सरकले. बिरेचने नांगराच्या तासात हात घातला तर तो कोपरापर्यंत आत गेला, आणि वर आला तो ओला.

"अरे देवा," एक जण म्हणाला. "म्हणजे एवढी ओल इतकी वर्षं खाली नुसती झोपून होती?"

सगळ्यांनी पाळीपाळीने तासात हात घालून पाहिला. मग जेमेलीने हाक मारली तशी मंडळी चहाला गेली. बिरेचला चहा नको होता. तो नांगरामागून चालत राहिला, लहान मुलाने नव्या बुटांकडे बघत चालावं तसा.

शेताच्या पलीकडच्या अंगाला, बांधावर, अराप तुवेई टोपी हातात धरून उभा होता. हा म्हातारा शेजारी बिरेचच्या घरातल्या कुणालाही बघितलं की टोपी काढायचा. जेमेलीला ते आवडत नसे. पण त्यामागचं कारण सगळ्या गावाला ठाऊक होतं.

बिरेच शाळेत होता तेव्हाची गोष्ट. तुवेई म्हणायचा, चुमोने बांध सरकवलाय, माझी दीड एकर खाल्लीय. चुमो म्हणायचा, तुवेई लोभी आहे. सरकारी मोजणीदार बोलवायचा तर दोन गाई विकायला लागल्या असत्या, म्हणून गावच्या वडीलधाऱ्यांनी शपथेवर भागवलं. शपथ फुकट पडते. दोघांनी भांडणातल्या जागेची चिमूटभर माती जिभेवर ठेवली आणि म्हटलं, मी खोटा असेन तर ही माती वर्षाच्या आत माझ्या घरातलं माणूस खाईल. त्या वर्षीच्या मक्याला कणसं धरायच्या आत तुवेईचा थोरला मुलगा सामोए हमरस्त्यावर लॉरीखाली गेला.

पुढे काही विचारायचं उरलंच नाही. तुवेई पांढरा मेंढा घेऊन वडीलधाऱ्यांपुढे आला आणि म्हणाला, माझी चूक झाली, निदान बाकीची मुलं वाचवा. चुमोने त्याला उठवून मिठी मारली. चर्चमध्ये त्याच्या मोठ्या मनाचं किती तरी रविवार कौतुक चाललं. सामोएची आई कोबिलो मात्र त्या दिवसापासून नवऱ्याशी एक शब्द बोलली नाही. ती त्याचं ताट उंबऱ्यावर ठेवायची आणि आत जायची. गाव तिच्याच बाजूने होतं. दीड एकरासाठी ज्याने पोरगा दिला त्याच्याशी कोण बोलणार?

एलिजाने तुवेईच्या बाजूचं वळण घेतलं आणि बांधापासून बरंच आत असताना खाडकन आवाज झाला. अख्खा ट्रॅक्टर मागे ओढल्यासारखा थांबला.

"तवा गेला!" बिरेच ओरडला. पहिल्याच दिवशी! तो धावत जाऊन गुडघ्यांवर बसला आणि हातांनी माती उकरू लागला. तवा शाबूत होता. त्याखाली सिमेंटचा चौकोनी दगड होता, हातभर रुंद, मधे गंजलेली लोखंडी सळई. वरचा भाग घणाने फोडून काढलेला होता. बुंधा खोल रोवलेला, तो उपटला गेला नसावा म्हणून तसाच गाडून टाकलेला. बिरेचने थुंकी लावून कडेची माती पुसली. एका अंगाला त्याच्या स्वतःच्या शेताचा नंबर कोरलेला होता. दुसऱ्या अंगाला तुवेईच्या.

त्याने तो नंबर तीनदा वाचला. मग बांधाकडे पाहिलं, मग दगडाकडे. मधल्या जमिनीवर त्याने आयुष्यभर मका घेतला होता. हा घण कुणी घातला हे कुणाला विचारायची गरज नव्हती. आणि वरवर का नांगरायचं, तेही आता त्याला कुणी सांगायला नको होतं.

एलिजा खाली उतरून शेजारी येऊन उभा राहिला. त्याने दगड पाहिला, मालकाचं तोंड पाहिलं, आणि त्याला जे समजायचं ते समजलं.

"साहेब, मी काही बघितलं नाही," तो हळूच म्हणाला. "नांगर उचलतो, हाताएवढी जागा सोडून पुढे जातो. संध्याकाळपर्यंत सगळं सारखं होईल."

बिरेचचा बूट आपोआप पुढे झाला आणि थोडी माती दगडावर लोटली गेली. बाप डोळ्यांपुढे उभा होता. चर्चमधला पहिला बाक, कोट, मऊ आवाज. अंत्ययात्रेला लोक मावले नव्हते.

"मोडलं का काही, बाळा?"

तुवेई बांध ओलांडून आला होता. बिरेच दचकला. म्हाताऱ्याने टोपी खिशात कोंबली, कमरेचा पंगा, लांब पात्याचा कोयता, काढला आणि कुणी काही म्हणायच्या आत खाली बसून दगडाभोवतीची माती खरवडायला लागला. "थांब, मी मोकळा करून देतो. एवढा महागाचा नांगर! असे दगड फार वाईट, तव्याला चीर पाडतात."

"राहू द्या, बोयोत," बिरेच म्हणाला. मोठ्या माणसाला म्हणतात ते त्याने म्हटलं, पण म्हातारा खरवडतच राहिला.

पंगा सळईवर खणखणला. तुवेईचा हात थांबला. त्याने बोटांनी चौकोनी कड चाचपली, कोरलेल्या आकड्यांवरून अंगठा फिरवला. त्याला वाचता येत नव्हतं. पण फार पूर्वी मोजणी झाली तेव्हा मोजणीदाराची साखळी त्यानेच धरली होती आणि असल्या दगडांचं सिमेंटही कालवलं होतं. मग त्याने वर पाहिलं, आणि त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता. भीती होती.

"कुणाच्या तरी जुन्या घराचा पाया असेल," तो घाईघाईने म्हणाला. "हो ना? पूर्वी इथे कुणी राहत असेल. तू नांगर, बाळा. मी काही म्हणत नाही हं. मी काहीच म्हटलं नाही."

बिरेचला धक्का बसला तो यावेळी खरा. दगड पाहून बसला त्याहून मोठा. आपल्या डोळ्यांदेखत हा माणूस स्वतःचाच दगड नाकारत होता, कारण पुन्हा एकदा खोटं ठरायची त्याच्यात ताकद नव्हती. आता नुसतं गप्प राहिलं की झालं. एलिजा चाकाला टेकून आभाळाकडे बघत होता.

"हा पाया नाही," बिरेच म्हणाला. "मोजणीचा दगड आहे. बांध इथे होता. तुम्ही खरं बोलत होता, बोयोत. माझ्या बापाने हा फोडून गाडला आणि मग शपथेची माती खाल्ली."

तुवेई तसाच उकिडवा बसून राहिला. पंगा हातातून पडला ते त्याला कळलं नाही.

"जमीन तुमची आहे," बिरेच भराभर बोलत सुटला. "आजच वडीलधाऱ्यांना बोलावतो. सगळ्यांसमोर सांगतो. दीड एकर, आणि इतक्या वर्षांचा मका..."

"मग सामोए?" तुवेई म्हणाला.

बिरेच थांबला.

"मी खरं बोलत होतो, तर मग सामोए का गेला?" त्याने बिरेचकडे पाहिलं, मग एलिजाकडे, जणू दोघांपैकी एकाला तरी ठाऊक असेल. "माझ्यामुळे नाही?"

"नाही. लॉरीमुळे गेला."

"नुसता लॉरीमुळे," तुवेई म्हणाला. "जमीन राहू दे. आधी माझ्या बायकोला बोलाव. हे तू सांग तिला. माझ्या तोंडून ती ऐकायची नाही."

एलिजाच पळत गेला. कोबिलो आली ती पिठाचे हात तसेच घेऊन, डोक्याचा रुमाल सुटलेला. तिला वाटलं नवरा नांगराखाली आला. तो धड आहे हे पाहून तिने लगेच तोंड फिरवलं. बिरेचने तिला सगळं सांगितलं. दगड दाखवला, घणाच्या खुणा दाखवल्या, दोन्ही नंबर वाचून दाखवले. बापाचं नाव घेताना त्याची मान खाली होती. ती शिव्या देईल, छाती बडवेल, थोबाडीत मारेल, कशालाही त्याची तयारी होती.

कोबिलोने यातलं काही केलं नाही. ती दगडाकडे बघत राहिली.

"तुझा बाप सामोएच्या मातीला आला होता," ती अखेर म्हणाली. "सगळे गेले तरी तो मागे थांबला. माझ्या चुलीपाशी बसला. माझा हात धरला आणि म्हणाला, पोरी, नवऱ्याला माफ कर. लोभापायी माणसाला दिसत नाही, तू माफ कर."

बापाने दगड फोडला हे बिरेचने एव्हाना कसंबसं गिळलं होतं. हे कसं गिळायचं ते त्याला कळेना.

"मी नाही केलं माफ," कोबिलो म्हणाली. "त्याने सांगूनसुद्धा नाही केलं."

ती ताज्या तासात मटकन खाली बसली, नवऱ्यापासून हातभर अंतरावर.

"ऐकलंत का?" तिने विचारलं. आवाज घोगरा आला, तिने खाकरून पुन्हा विचारलं, "अहो, ऐकलंत का?"

अराप तुवेईने दचकून मागे वळून पाहिलं, ती आणखी कुणाशी बोलतेय म्हणून.