न बघता दिलेले ठिपके

सिद्धलिंगने अखेर कबुली दिली. लेखी, स्वतःच्या सहीने, तारीख घालून. आता हे झालंच नाही असं धरून पुढं वाचायचं. कारखान्यात सगळ्यांनी तसंच धरलंय, आणि आपण काही त्यांच्यापेक्षा शहाणे नाही.

तर काहीच झालेलं नसताना, एका रविवारी सकाळी सिद्धलिंग आईला घेऊन सोलापूरहून करमाळ्याला निघाला होता. बहिणीकडे, महादेवीकडे, वास्तुशांत होती. मागच्या सीटवर गौरम्मा आणि तिच्या मांडीवर आहेराची परात. परात एवढी मोठी आणि चकचकीत, की आरशात बघितलं तर मागची वाहनं दिसायची नाहीत, स्वतःचंच तोंड दिसायचं.

टेंभुर्णी मागं पडली आणि केमच्या अलीकडे समोर लाल दिवा लागला.

"सिद्धू, किटली पेटली बघ."

"किटली नाही अव्वा, ऑइलचा दिवा आहे तो."

"मग थांबव की! किटली असती तर गोष्ट वेगळी."

गाडी थांबली. मागं रस्त्यावर काळी रेघ उमटली होती. शंभर पावलांवर पत्र्याचं शेड होतं, त्यात जोतीराम मिस्त्री. तो आला, गाडीखाली सरकला आणि खालूनच ओरडला, "भांडं द्या कायतरी! लई गळतंय!"

भांडं एकच होतं. दवाखान्यात दागिने उतरवून द्यावेत तशी गौरम्माने परात पुढं केली.

जोतीराम डब्याएवढा ऑइल फिल्टर हातात घेऊन बाहेर आला. "ह्यो बगा. सांध्यातनं फुटलाय. आन नवा करकरीत हाय की! अजून जरा पळिवली आसती तर इंजिन जाम. भर हायवेला. मागनं ट्रक आला आसता तर..." म्हातारीकडे बघून त्याने पुढचं गिळलं. "कुटल्या गाढवानं पास केला आसंल ह्यो?"

सिद्धलिंगने फिल्टर उलटा केला. तळाला हिरवा ठिपका होता. ठिपका गोल असतो. ह्याला शेपूट होतं.

हा फिल्टर बनला चिंचोळी एमआयडीसीत, आणि तिथं शेवटची तपासणी करून ठिपका देणारा माणूस एकच. तो म्हणजे हेच गाढव. फिल्टरमध्ये हवा भरून पाण्यात बुडवायचा, बुडबुडा आला नाही तर ठिपका द्यायचा, एवढंच त्याचं काम. दीड महिन्यापूर्वी एका संध्याकाळी ट्रक दारात उभा होता, ड्रायव्हर हॉर्नवरचा हात काढत नव्हता, आणि सुपरवायझर उदयसिंह म्हणाले होते, "तपासणी नसली तरी ट्रक हलतो. ठिपका नसला तर हलत नाही." सिद्धलिंगने वीस मिनिटांत दोनशे चाळीस ठिपके दिले. पाणी कोरडंच राहिलं म्हणायचं. घाईत ब्रश ओढला गेला आणि ठिपक्यांना शेपट्या फुटल्या. मग आठ दिवसांपूर्वी गाडीला फिल्टर घेताना ह्याच सिद्धलिंगने दुकानात छाती फुगवून सांगितलं होतं, "आमच्याच कंपनीचा द्या. दुसरा नको."

एक हा. राहिले दोनशे एकोणचाळीस.

गौरम्मा चिंधीने परात पुसत होती. काळ्या तेलाखालून, भांड्याच्या दुकानात घालून घेतलेलं नाव वर आलं : महादेवीस, गौरम्माकडून.

"कसला रे तो ठिपका?"

"तपासल्याची खूण."

"साधी परात द्यायची तरी आपण नाव घालतो. वाईट निघाली तर कुणाला बोलायचं ते कळतं. ह्याच्यावर कुणाचं नाव?"

"ठिपकाच असतो, अव्वा."

"ठिपक्यावरनं कोण ओळखणार?"

"मी," सिद्धलिंग म्हणाला.

जोतीरामने दुसरा फिल्टर बसवला, नवं ऑइल ओतलं, आणि गाडी निघाली. वास्तुशांतीत मठ्ठा अगदीच पाणचट होता, तरी गौरम्माने कुणाला नावं ठेवली नाहीत.

सोमवारी त्याने फिल्टर उदयसिंहांच्या टेबलावर ठेवला.

"तक्रार गिऱ्हाइकानं करायची असते," उदयसिंह म्हणाले.

"मी गिऱ्हाईकच आहे. बिल आहे."

मग फॉर्म भरला गेला. नियमाप्रमाणे तक्रार चौकशीसाठी तपासनिसाकडे जाते, म्हणून अकराच्या सुमाराला ती सिद्धलिंगच्याच टेबलावर आली. त्याने स्वतःला दोन प्रश्न विचारले. उत्तरं टाळाटाळीची वाटली, म्हणून तिसऱ्यांदा जरा दरडावून विचारलं. मग लिहिलं : 'तपासनिसाने माल न बघता पास केला. उरलेले २३९ फिल्टर तातडीने परत मागवावेत.' खाली सही, तारीख.

उदयसिंहांनी ते वाचलं आणि उठून दार लावलं.

"अरे बाबा, दुसरा एखादा फुटलाय का अजून?"

"अजून म्हणजे कधीपर्यंत बघायचं, सर?"

"परत मागवायचे म्हणजे कंपनीनं चूक कबूल करायची. मग तू उद्यापासून घरी, मी परवापासून." त्यांनी फॉर्मवर शिक्का मारला : तक्रारदाराचे समाधान झाले.

"माझं कुठं समाधान झालंय?"

"तुझं नाही रे. तक्रारदाराचं."

कारखान्याने एक सुधारणा मात्र केली. सिद्धलिंगला नवा ब्रश दिला. ठिपके गोल येऊ लागले.

आता तो एकेक फिल्टर दोनदा बुडवतो. पण गेलेल्यांचं काय करायचं? दुकानदाराला विचारलं तर तो म्हणाला, "कुणाला विकले ते कोण लिहून ठेवतंय?" सुटी झाली की सिद्धलिंग सोलापुरात सात रस्ता चौकात लावलेल्या गाड्यांखाली मोबाइलचा उजेड पाडून बघतो. एका बाईने चोर म्हणून आरडाओरडा केला. एका गृहस्थाने विचारलं, "काय हरवलंय?" तो म्हणाला, "तुमचं काही नाही ना, तेच बघतोय." गृहस्थ घाईने गाडीत बसले. मागं दोन लहान मुली होत्या. गाडी वळून दिसेनाशी होईपर्यंत सिद्धलिंग गुडघ्यावरच बसून राहिला. बघायचं राहून गेलं होतं.

बारा दिवसांत एकसष्ट गाड्या झाल्या. शेपटीवाला ठिपका एकीखालीही सापडला नाही. तेराव्या दिवशी त्याने कोरा कागद घेतला आणि कंपनी, दुकान सगळ्यांना वगळून थेट संबंधितांनाच लिहिलं :

प्रति,
दोनशे एकोणचाळीस वाहने,
असतील तिथे.

विषय : थांबणेबाबत.

उपरोक्त विषयान्वये कळविण्यात येते की, आपल्या इंजिनाचा ऑइल फिल्टर निम्नस्वाक्षरीकाराने न बघता पास केलेला आहे. तरी हे पत्र मिळताच, व न मिळाल्यास त्याहून आधी, आपण रस्त्याच्या डाव्या बाजूस इंजिन बंद करून उभे राहावे. रजा मंजूर होताच निम्नस्वाक्षरीकार प्रत्येक वाहनाकडे जातीने येईल. तोपर्यंत आपण कोणाच्याही घरच्या माणसांना आत बसू देऊ नये, ही नम्र विनंती.