पाचपैकी पाच

"माझ्या हातोडीखालून आजवर एकही आजार निसटलेला नाही," असं म्हणत मोठ्या डॉक्टरांनी ऐटीत कोटाच्या खिशात हात घातला. पेन निघालं, रुमाल निघाला, अर्धं बिस्कीट निघालं. गुडघ्यावर ठोकायची हातोडी काही निघाली नाही.

"असू दे. अनुभव असला की हातोडी लागत नाही," म्हणून त्यांनी स्टेथोस्कोपच्या कडेनं टेबलावर बसलेल्या ड्रायव्हरच्या गुडघ्यावर, पँटवरूनच, टोला हाणला. पाय जागचा हलला नाही, टेबल मात्र हललं.

"उत्तम!"

त्यातून गुडघा डावा होता. दुखणं उजव्या पावलाचं.

ड्रायव्हर याच दवाखान्याची रुग्णवाहिका अठरा वर्षं चालवत होता. सहा महिन्यांपासून त्याचं उजवं पाऊल पुढून लोंबायला लागलं होतं. स्टोअरमध्ये बदली द्या, नाहीतर या पायापायी कुणाचा तरी जीव जाईल, असे तीन अर्ज त्यानं केले. तिन्ही वेळा तपासणी झाली. तपासणी कसली! पहिल्या डॉक्टरनं न बघताच 'ताकद पाचपैकी पाच' लिहिलं, दुसऱ्यानं पहिल्याचं उतरवलं, तिसऱ्यानं दुसऱ्याचं. बूट काढ म्हणायचं एकालाही सुचलं नाही.

आज बायको सोबत आली होती, भांडायच्या तयारीनं. "अहो साहेब, हा उजवा बूट बघा. टोक घासून घासून पार गेलंय. डावा कसा कोरा करकरीत!"

"बाई, बुटाचं दुकान पुढच्या चौकात आहे." डॉक्टरांनी आपलं चाकांचं स्टूल पुढे ओढलं आणि तळव्याखाली हात धरला. "दाब!"

ड्रायव्हरनं दाबलं. डॉक्टर स्टुलासकट भिंतीपर्यंत गेले.

"पाचपैकी पाच!" ते तिथूनच ओरडले.

"साहेब, दाबता येतंय हो, वर उचलता येत नाही! हात वरून धरा आणि पाऊल वर ओढायला सांगा."

"आता तू मला शिकवणार? गाडी दाबून चालते की उचलून?"

"चालते दाबून, थांबते उचलून!" ड्रायव्हरचं डोकं तापलं. "पाय उचलला नाही तर ब्रेकवर कोण जाणार, माझे सासरे?"

"माझ्या बाबांना मध्ये आणू नका," बायको सवयीनं म्हणाली.

डॉक्टरांनी 'कामास योग्य' असा शिक्का मारला आणि खिडकीकडे बोट दाखवलं. "ती रुग्णवाहिका फाटकात आडवी उभी आहे. दहा पावलं मागे घे. माझ्यासमोर. होऊन जाऊ दे खात्री."

"काही झालं तर?"

"अरे, लिहून दिलंय की!"

संतापानं ड्रायव्हरचे कान लाल झाले. लंगडत तो खाली गेला. आत पेशंट नाही, मागे माणूस नाही, हे बायकोकडून दोनदा बघून घेतलं. मग बसला, रिव्हर्स गिअर टाकला आणि ॲक्सिलरेटर दाबला.

थांबायची वेळ आली तेव्हा पाऊल उठलं नाही. बुटाचं झिजलेलं टोक ब्रेकखाली अडकलं.

रुग्णवाहिका मागे उभ्या असलेल्या डॉक्टरांच्या नव्या गाडीला धडकून थांबली. कुणाला लागलं नाही. धक्क्यानं डॉक्टरांच्या गाडीची डिकी उघडली. हातोडी तिच्यात होती.