हौकीवाराची आडवी फांदी

हिवाळ्यात गोठलेल्या तळ्यावरची स्कीची वाट आमच्या हौकीवारा गावात चाळीस वर्षं एकाच माणसाने राखली. ते म्हणजे माझे सासरे, सुलो. गेल्या शरदात गुडघ्याने दगा दिला तेव्हा त्यांनी स्नो-स्कूटरची किल्ली माझ्या नवऱ्याला न देता माझ्या हातात ठेवली. "इल्मो विसरभोळा आहे," म्हणाले. मी विसरभोळी नाही, हे मला तेव्हा खरंच वाटत होतं.

वाट म्हणजे बर्फातले दोन चर आणि त्यांच्या कडेने तीस-तीस पावलांवर रोवलेल्या स्प्रूस या सूचिपर्णी झाडाच्या फांद्या. धुकं असो, वादळ असो, फांदीमागून फांदी बघत गेलं की माणूस पलीकडच्या काठाला लागतो. वाऱ्याने एखादी फांदी पडली, तर जो पहिला तिथून जाईल त्याने ती उभी करायची. हे इथे कुणी कुणाला शिकवत नाही. पडलेली फांदी तशीच टाकून पुढे गेलेला माणूस मी तरी पाहिलेला नाही.

मार्चचा शेवटचा आठवडा होता. वाट तळ्यातलं बेट आणि आमच्या बाजूचं भूशिर यांच्यामधल्या चिंचोळ्या पट्ट्यातून जाते. तिथे खालून प्रवाह असतो, म्हणून तिथला बर्फ सगळ्यात आधी जातो. सकाळी कडक थंडीत मी तिथे गिरमिटाने भोक पाडलं, तर बर्फ जेमतेम तीन बोटं, आणि तोही ओला. ही वाट बंद करायची वेळ झाली होती. मधल्या फांद्या पोटावर सरपटत, लांब आकड्याने ओढून काढल्या. मग बेटाला वळसा घालून नवे चर पाडले आणि पलीकडच्या बाजूच्या फांद्याही उपटल्या. पण स्कूटरमागे चर पाडायचं अवजार जोडलेलं, सामानाची घसरगाडी घरी. म्हणून फांद्या जिथल्या तिथे आडव्या टाकल्या. म्हटलं, जेवून येऊ आणि गोळा करू. सुलो असते तर एकेक फांदी पाठीवर बांधून काठावर नेली असती. मला मेलीला भूक लागली होती.

दुपारी दोनला घसरगाडी घेऊन परतले तेव्हा हवा उबदार झाली होती आणि ओला, जाड बर्फ पडत होता. भूशिराच्या टोकाशी स्कूटर थांबवली आणि समोर पाहिलं. पलीकडच्या बाजूच्या फांद्या उभ्या होत्या. एकीमागे एक, सरळ रेषेत, थेट प्रवाहाच्या दिशेने.

आणि शेवटच्या फांदीपाशी एक माणूस वाकून बुंध्याशी बर्फ थापटत होता. ती कानझाकणीची लाल टोपी मी कुठेही ओळखली असती.

सुलो पलीकडच्या काठावर राहतात. खिडकीत दुर्बीण घेऊन बसतात. सकाळपासून त्यांना फांद्या पडलेल्या दिसत असणार, आणि 'सुनेचं लक्ष नाही' म्हणत ते निघाले असणार. त्यांचा फोन नेहमीसारखा त्यांच्या स्वयंपाकघरात.

"बाबा! थांबा! मागे फिरा!"

त्यांनी काठी उंच करून मला नमस्कार केला आणि दोन पावलं पुढे आले. कानाने आधीच कमी, त्यात ती टोपी. मी दोन्ही हात हलवले. त्यांनीही हलवले. पुढची आडवी फांदी त्यांच्यापासून पंचवीसेक पावलांवर होती, आणि ती जिथे होती तिथे सकाळी मीसुद्धा उभी राहिले नव्हते.

मग मी सरळ पोटावर आडवी पडले. तळ्यावर माणूस पालथा पडला की बर्फ पातळ आहे, हे इथे लहान पोरालाही कळतो.

ते थांबले. स्की काढल्या. मला हायसं वाटलं, आणि तेवढ्यात तेही पालथे झाले आणि स्की छातीखाली धरून माझ्याकडेच सरपटू लागले! म्हातारा मला वाचवायला येत होता.

"मागे जा हो! मागे!" माझा आवाज फाटला. त्यांच्याभोवतीचा बर्फ करडा पडला, खाली वाकला, आणि त्यावर पाणी पसरलं. आता मागे जाणंही पुढे येण्याइतकंच वाईट होतं. मी आकडा घेऊन जमेल तेवढी पुढे सरकले. पाण्यात पडलं तर बर्फात ठोकून वर यायचे बर्फखिळे सकाळी गळ्यात अडकवायचेही मी विसरले होते, ते तेव्हा आठवलं. त्यांच्या गळ्यात होते.

"धरा!"

त्यांनी आकडा धरला आणि त्याच क्षणी कमरेखालचा बर्फ फुटला. पाय पाण्यात गेले. मी ओढत होते आणि माझीच छाती पुढे घसरत होती. त्यांनी एका हाताने खिळा काढला, बर्फात ठोकला, अंग वर घेतलं, पुन्हा ठोकला. मी रडत होते, मोठ्याने.

जाड बर्फावर आल्यावर ते धापा टाकत म्हणाले, "तू कशाला पडलीस?"

"तुम्हाला थांबवायला!"

"मग थांबवायचं. बोलावून कशाला घेतलंस?"

स्कूटरच्या पेटीत कोरडे कपडे ठेवायचे, हा त्यांचाच नियम. तो तेवढा मी पाळला होता. शिव्या देत त्यांनी इल्मोची विजार चढवली.

"वाऱ्याने नव्हत्या पडल्या," मी म्हणाले. "मीच उपटल्या. गोळा करायच्या ठेवून जेवायला गेले."

त्यांनी विजारीची नाडी आवळली. मला वाटलं, आता किल्ली मागतील.

"चारला टोइनी दुकान बंद करून याच वाटेने घरी जाते," ते म्हणाले. "चल."

"आधी घरी. तुम्ही गारठलाय."

"आधी फांद्या. कॉफी पळून जात नाही."

बेटाला वळसा घालून आम्ही पलीकडे गेलो. त्यांनी फांद्या इतक्या घट्ट थापल्या होत्या की काही मला करवतीने कापाव्या लागल्या. प्रत्येक फांदी ते घसरगाडीत बसल्या बसल्या माझ्या हातातून घ्यायचे. एकही बर्फावर टेकू दिली नाही. शेवटच्या दोन हाताला येण्यासारख्या नव्हत्या. त्या फांद्यांच्या पुढ्यातच काळं पाणी उघडं पडलं होतं. मागे, पक्क्या बर्फावर, मी वाटेत दोन फांद्यांची फुली बांधली, वाट बंद असल्याची खूण.

ते त्या उघड्या पाण्याकडे बघत होते. मग त्यांनी गळ्यातले खिळे काढले आणि माझ्या गळ्यात घातले.

"राहू द्या, बाबा. माझे आहेत घरी."

"घरी असून काय उपयोग? मला आता बस आहे."

तळ्याला वळसा घालून येणाऱ्या त्या बसला ते चाळीस वर्षं 'म्हाताऱ्यांचा डबा' म्हणत आले होते.

गावात त्यांनी कुणाला काही सांगितलं नाही. शनिवारी नेहमीसारखे कॉफीला आले, बसने. मी दार उघडलं तर पायरीवर उभे राहून ते स्कीने आल्यासारखे बर्फ झाडायला बूट आपटत होते, कितीतरी वेळ. बूट कोरडे होते.