विठ्ठलरावांनी परदेशाला दिलेला दम

हे कुणाला खरं वाटणार नाही, पण सिरसाळ्याकडच्या आमच्या विठ्ठलराव सरपंचांनी एका परक्या देशाला दम दिला आणि त्या देशाची फौज चार कोस मागं सरली. हसू नका. शहादेव, तू तर अजिबात हसू नको, तुझा चहा मी सांगितलाय.

तर झालं असं. तिकडं सातासमुद्रापार एका देशानं दुसऱ्याच्या जमिनीत रणगाडे घातले आणि इकडं आमच्या वेशीवर फ्लेक्स लागला. फ्लेक्सवर हात जोडलेले विठ्ठलराव, त्यांच्या मिशीखाली आग आणि धूर, आणि वर 'जाहीर निषेध'. सोमवारी ग्रामसभा.

चतुराबाईनं मेंढरं हाकता हाकता तो फ्लेक्स पाहिला आणि तिच्या मनात पाल चुकचुकली. गावात टँकर आला का, हे बघायलाही हा माणूस कधी घराबाहेर पडला नव्हता. त्याला एकाएकी समुद्रापल्याडचा कळवळा कशापायी? बरं, परवाच गायरानात पांढरी जीप फिरून गेली होती. सोलर कंपनीवाले, म्हणे. चतुराबाईची मेंढरं जगत होती ती त्या गायरानावर. ते गेलं की मेंढरं विकायची आणि ऊसतोडीचा कोयता हातात घ्यायचा, दुसरी वाट नव्हती.

नवरा बंकट म्हणाला, तुला सगळ्यांचाच शक येतो. पुढाऱ्यानं काय गावापुरतंच बोलावं?

"बोलावं की," चतुराबाई म्हणाली. "तिथली लेकरं मेली तर मला बी वाईट वाटतंय. पन ह्या बाबाला कशापायी वाटायलंय, त्ये बगायला मी येनार हाय."

मारुतीच्या पारापुढं कधी नव्हे एवढी गर्दी. कारण भजी होती. निषेधाला भजी कोण तळतं, म्हणून चतुराबाईचा संशय आणखी वाढला. तिनं एकही खाल्लं नाही. विठ्ठलरावांनी माईक धरला आणि दुसऱ्याच्या जमिनीत जोरजबरीनं घुसणाऱ्यांना ठणकावलं की ताबडतोब माघार घ्या, नाहीतर परिणाम वाईट होतील. कुणाला, ते सांगितलं नाही. हात वर झाले, ठराव पास. मग म्हणाले, आता मेलेल्यांसाठी उभं राहून मौन पाळू.

सगळे उभे राहिले. माना खाली. चतुराबाईनं मान खाली घातली, पण कान उघडे ठेवले. आणि त्या शांततेत ग्रामसेवक हळूच, पोथी वाचावी तसा पुटपुटायला लागला. विषय दुसरा, गायरान, कंपनीला भाड्यानं, कुणाची हरकत...

हरकत कोण घेणार? मेलेल्यांच्या मौनात तोंड उघडणारा माणूस आमच्या गावात अजून जन्मला नाही. विठ्ठलरावांनी डोळे मिटले होते, पण एक डोळा पुरता मिटलेला नव्हता.

चतुराबाई पेचात पडली. बोलावं तर मयताचा अपमान, गप्प राहावं तर गायरान गेलं. पण मौन ही भाषणवाल्यांची रीत. बाईची रीत वेगळी. मयत झालं की बाई गळा काढते, आणि तिला गप्प बस म्हणायची छाती कुणाची होत नाही. तिनं कपाळाला हात लावला आणि हेल काढला.

"अगं, माज्या परदेशच्या लेकरांचं रान नेलं गं बाईऽऽ! आता माजं गायरान बी न्यायलेत गं बाईऽऽ!"

शेजारची बायडाबाई आधी गोंधळली, मग तिनंही पदर तोंडाला लावून सूर धरला. मग सगळ्या बायांनी. ग्रामसेवकाचे ओठ हलत होते, ऐकू काहीच येत नव्हतं. माईक चालूच होता. तो आवाज घाटनांदूरला ऐकू गेला, तिथून समुद्राला, तिथून थेट रणगाड्यात. तिकडचा सेनापती घास तोंडात धरून थांबला. त्यानं विठ्ठलरावांना फोन लावला की फौज मागं घेतो, पण त्या बाईला आवरा. विठ्ठलरावांनी घाईघाईनं फोन ठेवला. त्यांनी भर सभेत दुसरा विषय रद्द केला, गायरान वाचलं आणि चतुराबाईची मेंढरं आजही तिथंच चरतात.

शहादेवनं कपबशी खाली ठेवली.

"फौज मागं गेली आसंल, त्ये बगाया मी काय गेलतो न्हाई," तो म्हणाला. "पन काका, गायरान वाचलं ही थाप हाय. कालच माजी शेळी तिथं कंपनीच्या तारंच्या कुंपनात आडकलती. अन् चतुराबाई तर तिकडं कड्याच्या कारखान्याला ऊस तोडायलीय."