चार नंबरची पाटी

"चार नंबरची खोली बंद आहे," यादीवरून मान वर न करता नगरपालिकेचा कारकून म्हणाला.

"बंद आहेच," रत्ना म्हणाली. "कुलूप लावून आलेय. ही बघा किल्ली."

कारकुनाने आता वर पाहिले. समोर साठीला टेकलेली, करड्या केसांचा घट्ट अंबाडा घातलेली बाई उभी होती. टेबलावर तिने खरोखरच किल्ली ठेवली होती.

"तसं बंद नव्हे हो. बंद म्हणजे राहणारं कोणी नाही. मालकाच्या यादीत चारच भाडेकरू आहेत. पाचवी मी, असा तुमचा अर्ज आला, म्हणून शुक्रवारी मी स्वतः आळीत येऊन गेलो. रत्ना पोपट साळवे कुठं राहतात, म्हणून चौघांना विचारलं. चौघंही म्हणाले, अशी कोणी बाई इथं नाही."

रत्नाला आधी हसू आले. मग ते ओठांवरच विरले. शुक्रवारी ती गावी, महाळुंगे पडवळला, भावाकडे गेली होती. नेमका त्याच दिवशी हा आलेला.

"भाडं भरल्याची पावती?"

तिने पिशवीतून पावत्यांचा गठ्ठा काढला. पिवळ्या, पांढऱ्या, काही वाळवीने खाल्लेल्या. कारकुनाने चार-पाच उलटून पाहिल्या. प्रत्येकीवर एकच शब्द होता : नर्सबाई.

"हे काय नाव झालं? आधार कार्ड?"

"गावचं आहे. मतदानही गावचं. वडील म्हणायचे, गावच्या यादीतून आपलं नाव निघू द्यायचं नाही. ते गेल्यावरही मी निघू दिलं नाही."

"मग पंचाईत आहे," कारकून म्हणाला. माणूस वाईट नव्हता, खुर्ची तेवढी अडचणीची होती. "घर पाडून नवं बांधताना मालकाने जुन्या भाडेकरूला नव्या इमारतीत जागा द्यायची, असा कायदा आहे. पण यादीत नाव असलेल्याला. बुधवारी मी पुन्हा येतो. घर सारजाबाईंच्या नावावर आहे ना? त्यांनी मला नावानिशी सांगितलं पाहिजे, की ही बाई माझी भाडेकरू. नाहीतर चार नंबर रिकामी धरली जाईल."

रत्नाने किल्ली उचलली आणि कमरेला खोचली.

आळीच्या तोंडाशीच भागूची पिठाची गिरण. भागू पिठाने पांढरी झालेली, तोंडाला फडके बांधून डबे उतरवत होती.

"भागू, शुक्रवारी कोणी विचारत आलं होतं?"

"आलं व्हतं की. शर्ट खोचलेलं, हातात फाईल. म्हनला, रत्ना साळवे कुठं ऱ्हात्यात? म्या म्हनलं, राव, उभा जलम ह्या आळीत गेला माझा, रत्ना-बित्ना कोनी न्हाई. एक रत्ना व्हती, कासाराची, ती नारायणगावला दिली. वर त्याला च्या पाजला! का वो, नर्सबाई?"

"ती रत्ना मी आहे."

भागूच्या हातातला डबा तिथेच थांबला. तिने फडके खाली ओढले.

"तुमी? अवं, मंग सांगायचं न्हाई व्हय? तीस वर्सं दळान घेऊन येताय, डब्याव बी 'नर्सबाई'च लिवताय!"

काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, तशातली गत. आळीने वळसाही घातला नव्हता, कळसा नाहीच म्हणून सांगून मोकळी झाली होती. आणि यात भागूची काय चूक? डब्यावर ते नाव रत्नानेच घातले होते.

तेहतीस वर्षांपूर्वी ती जुन्नरला बदलून आली तेव्हा सव्वीस वर्षांची होती. दोन महिने दवाखान्याच्या औषधांच्या खोलीत, खोक्यांमध्ये सतरंजी टाकून झोपली. सुट्टीच्या दिवशी खोली बघायला निघायची. नर्स म्हटले की लोक चहा विचारायचे. मग कपबशी हातात देता देता सहज विचारायचे, "आडनाव काय म्हणालात?" ती आडनाव सांगायची. मग कळायचे, की खोली कालच पुण्याच्या पाहुण्याला दिली. असे पाहुणे तिने नऊ मोजले.

दहावे घर सारजाबाईंचे. एका ओळीत सहा खोल्या, पुढे पडवी. आडनाव विचारायची वेळ येऊच द्यायची नाही, म्हणून रत्नाने दारातच सगळे सांगून टाकले, "मी रत्ना पोपट साळवे. गाव महाळुंगे पडवळ."

सारजाबाई तेव्हा पन्नाशीच्या, कोऱ्या कपाळाच्या, दोन मुलांच्या आई. त्यांनी आळीकडे एकदा नजर टाकली. मग हळूच म्हणाल्या, "खोली देते. पन दाराव नाव नगं. नुसतं नर्सबाई लिवा. आळी लई कडक हाय, बाई."

रत्ना त्या वेळी हो म्हणाली. औषधांच्या वासात झोपून झोपून तिला शिसारी आली होती. खिडक्यांच्या रंगातला उरलेला पांढरा रंग घेऊन तिने स्वतःच चौकटीवर अक्षरे काढली. पहिल्या दिवसापासून तिला त्या अक्षरांची लाज वाटत आली, आणि त्यांच्यामागे मिळालेल्या छपराचा आधारही.

पुढे आळीला कळले का? कळलेच असणार. दर चौदा एप्रिलला ती पांढरी साडी नेसून मिरवणुकीला जायची, हे काही कुणाच्या डोळ्यांना दिसत नव्हते असे नाही. पण तोवर आळीला तिच्यापुढे दंड धरायची सवय झाली होती. पोरगं जन्मले की तिसऱ्या दिवशी नर्सबाईंकडे. डाव्या दंडावर बीसीजीची सुई. आळीतल्या निम्म्या दंडांवर तिच्या हातचा वण होता. दारावर नसलेले नाव तिने असे माणसांवर उमटवले होते. मात्र तसले काही मनात आले, की तिला स्वतःचाच राग यायचा. वण दाखवून कुठे खोली मिळते?

संध्याकाळी आदेश आला. सारजाबाईंचा नातू, वय अठ्ठावीस, घराचा व्यवहार आता तोच बघायचा. मोटारसायकल पडवीला लावून तो तिच्या उंबऱ्यावर लहानपणासारखाच बसला.

"नर्सआत्या, तुमी अर्ज का दिला? मला सांगायचं ना."

"तुझ्या यादीत चार नंबर कोरी का, हे तू मला सांगायचं होतंस."

आदेशने मान खाली घातली. "वकील म्हनला, पावतीव नाव न्हाई तर घालू नका. म्या काय खोटं न्हाई लिवलं. कोरंच ठिवलं."

"कोरं ठेवलंस, खरं आहे."

"आत्या, तुमीच सांगा," तो एकदम उसळून म्हणाला, "पाच खोल्यांच्या भाड्यात वर्साला पत्रं बी बदलून व्हत न्हाईत. घर आमचं, पन भाडं किती घ्यायचं, कुनाला ठिवायचं, सगळं कायदा ठरवनार. वर पेपरात लिवत्यात, निवारा मानसाचा हक्क हाय. असंल की! मंग सरकारनं द्यावा. आमच्याच डोक्याव का?"

त्याचे सगळेच काही चूक नव्हते, हे रत्नाला कळत होते. भाडे वाढवा म्हणून त्याच्या वडिलांना, भगवंताला, तिनेच दोनदा सांगितले होते. त्यांनी संकोचाने वाढवले नाही. पत्रे मग तिने आपल्या पगारातून बदलले.

"सरकारनं द्यावा, मलाही पटतं," ती म्हणाली. "ते देईल तेव्हा देईल. तोवर माणसानं कुठं राहायचं? तुझ्या सयाजीचुलत्याला ह्या खोलीत खतांचं दुकान टाकायचं होतं. दोन दिवसांत सामान बाहेर काढ म्हणाला. मी तेव्हा बारा तासांची ड्यूटी करून आले होते. तेव्हा कायदा आडवा आला नसता, तर तू आज दुकानाच्या उंबऱ्यावर बसला असतास."

आदेश हसला. मग मऊपणाने म्हणाला, "मी तसा न्हाई. नव्या इमारतीत तळमजल्याला तुमाला खोली देतो. बोललो म्हंजे दिली. मरूस्तवर ऱ्हावा. फकस्त त्यो अर्ज मागं घ्या. कागद कशाला आपल्यात? आजीनं बी शब्दावरच दिलती ना?"

 पोरगा मनापासून बोलत होता आणि तेच अवघड होते. पुण्याचा भाचा प्रबुद्धही फोनवर हेच म्हणाला होता : देतोय तर घे ना, मावशी, या वयात कशाला भांडतेस?

"आजीनं शब्दावर दिली," ती म्हणाली, "पण त्या शब्दात माझं नाव नव्हतं. तू दिलीस तर तो तुझा चांगुलपणा. मी आयुष्यभर त्याला नमस्कार करत बसायचं. ते आता नको, आदेश. मला माझी खोली नावानं पाहिजे."

"आन आजी बोललीच न्हाई तर?"

"तर चार नंबर रिकामी."

सारजाबाई तीन दारे अलीकडे, एक नंबरमध्ये राहत. रोज त्यांचा रक्तदाब रत्नाच बघायची. मंगळवारीही पाहिला. पट्टा बांधला, हवा भरली, काटा पाहिला. म्हातारी तिच्या तोंडाकडे बघत राहिली. रत्नाच्या ओठांवर दहा वेळा आले, पण तिने विचारले नाही. दंड हातात धरून मागणे तिला बरे दिसेना.

घरी न जाता ती जानकू पेंटरकडे गेली आणि त्याला सांगून ठेवलेली पाटी घेऊन आली.

बुधवारी कारकून आला तेव्हा पडवीत निम्मी आळी जमली होती. चार नंबरच्या दारावर निळ्या पत्र्याची पाटी होती. पांढरी, ठसठशीत अक्षरे : रत्ना पोपट साळवे, निवृत्त परिचारिका, महाळुंगे पडवळ. वर चौकटीवर जुनी पुसट 'नर्सबाई' तशीच होती.

लोक पाटी वाचत होते. कोणी हसून म्हणाले, "झ्याक झालीय." शेजारच्या कुशाबाईने आडनाव वाचले, पदर सावरला आणि दुसरीकडे बघू लागली. रत्नाने ते पाहिले. पूर्वी तिने अशा वेळी नजर खाली घेतली असती. आज घेतली नाही.

"सायेब," भागू पुढे झाली, "मागल्या खेपंला म्या सांगितलं ते चुकलं. ह्याच त्या. लिवून घ्या. पायजे तर अंगठा देते."

"तुमचा अंगठा नको हो. मालकीणबाई कुठं आहेत?"

काठीचा आवाज आला. सारजाबाई एक नंबरमधून निघाल्या होत्या. आदेश हात धरायला गेला, तर त्यांनी हात झटकला. तीन दारे चालायला त्यांना बराच वेळ लागला. पाटीपुढे येऊन त्या थांबल्या.

"काय लिवलंय रं, आदेश? मला वाचता येत न्हाई. मोठ्यानं वाच."

आदेशने आळीकडे पाहिले, रत्नाकडे पाहिले.

"वाच म्हनते ना."

त्याने वाचले. सारजाबाईंनी मान हलवली.

"बराबर हाय. मला ठावं हाय. पयल्या दिशी तिनं दारात उभं ऱ्हाऊन ह्येच सांगितलं व्हतं. रत्ना पोपट साळवे. तेहतीस वर्सं माझी भाडेकरू हाय. एक म्हैना भाडं चुकलं न्हाई."

"मग आजी, पावतीवर नर्सबाई कसं काय?" कारकुनाने विचारले.

 सारजाबाईंनी काठी दोन्ही हातांत धरली.

"म्याच सांगितलं, नाव लिवू नगं म्हनून. ह्या आळीला भ्याले व्हते मी. रांडमुंड बाई, दोन पोरं पदरात. पन भ्याले त्ये भ्यालेच. ती कदी भ्याली न्हाई. तिनं माझ्यासाठनं नाव झाकलं." मग त्या रत्नाकडे वळल्या. "तू मागितलं का न्हाईस गं माझ्याकडं? काल दंड धरून बसलीस, तोंडातनं सबूद न्हाई."

"तुम्ही आपणहून द्यावं असं वाटत होतं, आक्का," रत्ना म्हणाली. 

कारकून लिहू लागला. रत्ना त्याच्या खांद्यावरून बघत होती.

"साळवी नाही. साळवे," ती म्हणाली. "'व'ला एक मात्रा. नीट लिहा."

त्याने खोडून नीट लिहिले. सारजाबाईंनी खाली अंगठा उठवला. साक्षीदार म्हणून सही करायला आदेश पुढे आला. उकाड्याने त्याने बाह्या वर दुमडल्या होत्या. सही करताना डाव्या दंडावरचा वण दिसत होता.

दिवाळी झाल्यावर घर रिकामे झाले. नवी इमारत उभी राहायला दीड वर्ष लागणार होते आणि सारजाबाई तेवढ्या थांबल्या नाहीत, कार्तिकातच गेल्या. त्यांना शेवटची अंघोळ घालायला आळीतल्या बायकांनी रत्नाला हाक मारली. नावाने मारली. भागू मात्र चुकून "नर्सबाई" म्हणाली आणि स्वतःच्याच तोंडावर हात मारून घेतला.

खोली सोडताना रत्नाने पाटीचे चार खिळे स्वतः काढले. पाटी जुन्या साडीत गुंडाळून पिशवीत घातली आणि ती दीड वर्षापुरती खोली बघायला निघाली. पेठेच्या पलीकडे एक होती. मालक अंगणात खुर्ची टाकून बसले होते. नर्स म्हटल्यावर त्यांनी आत चहा सांगितला, पाठदुखीचे विचारले. कपबशी तिच्या हातात देता देता म्हणाले, "आडनाव काय म्हणालात?"

रत्नाने कपबशी खाली ठेवली. पिशवीतून साडीची घडी काढली, उलगडली आणि निळी पाटी त्यांच्यापुढे दोन्ही हातांनी सरळ धरली. वाचायला त्यांना लागेल तेवढा वेळ दिला.

"वाचलंत?" ती म्हणाली. "आता सांगा, दारावर खिळे कुठं मारू?"