बाबांनी भरलेली बॅग

यादी मीच पाठवली होती. आईबाबा पहिल्यांदाच देशाबाहेर, माझ्याकडे तीन महिने राहायला येणार होते. पासपोर्टच्या प्रती दोन, वेगवेगळ्या ठिकाणी. इकडच्या भिंतीत बसेल असा प्लग. विमानात पायमोजे हाताशी. सामान मागे राहिलं तर म्हणून एक जोड कपडे खांद्यावरच्या पिशवीत. रिकामी पाण्याची बाटली. बॅगेच्या मुठीला रंगीत फीत. फॉर्म भरायला पेन. आणि शेवटी, ठळक अक्षरांत: बॅग तेवीस किलो, वर एक ग्रॅमही नको.

बाबांनी ती वहीत उतरवून घेतली आणि समासात स्वतःचे शेरे मारले. पेनापुढे लिहिलं, 'दोन न्यावेत. एक लिहायला, एक मागणाऱ्याला.' ते चाळीस वर्षं एका डॉक्टरांकडे कंपाउंडर होते. दवाखाना बंद झाला तेव्हा तिथला वजनकाटा त्यांनी घरी आणला होता. बॅग उचलून ते काट्यावर उभे राहिले आणि नंतर बॅग खाली ठेवून नुसते उभे राहिले. वहीत नोंद आहे: 'मी ६४, बॅगेसकट ८८.' त्याखाली, 'एक किलो जास्त. कन्या ओरडेल.'

कन्या ओरडलीच. "बाबा, तिथे काउंटरवर सगळ्यांसमोर बॅग उघडायला लावतात. काढा काहीतरी."

"काढतो, काढतो. तू म्हणजे आमच्या डॉक्टरांच्या वर झालीस," ते म्हणाले.

त्यांनी काय काढलं ते मला ते गेल्यावर कळलं. बॅग भरून ठेवल्यानंतर अकराव्या दिवशी, आंघोळीला जाताना, ते गेले. मी आले, दिवस झाले, त्यांचं तिकीट रद्द केलं. आईला एकटीला ठेवणं शक्य नव्हतं. तिचं तिकीट होतं, व्हिसा होता, आणि पलंगाखाली भरलेली बॅग होती.

"औषधांची पाकिटं काढून टाकली त्यांनी," आई म्हणाली. "सगळ्या गोळ्या पुड्यांत बांधल्या. तीन दिवस बसले होते मान मोडून. तुझ्या त्या तेवीस किलोंपायी."

"आई, सुट्या गोळ्या नाही चालत. पाकिटावर नाव लागतं, डॉक्टरांची चिठ्ठी लागते."

"पुडीवर लिहिलंय की सगळं."

"काय लिहिलंय?"

"कधी घ्यायची ते."

मी बॅग ओढायला वाकले तर तिने पलंगावरून पाय खाली सोडले, बरोबर बॅगेसमोर. "त्यांचा हात लागलाय शेवटचा. आता त्यात दुसऱ्या कुणाचा हात नको."

दुसऱ्या कुणाचा म्हणजे माझा. चिठ्ठी घेऊन तिच्या गोळ्या नव्याने आणल्या, पाकिटांसकट, आणि माझ्या पर्समध्ये ठेवल्या. तेवढंच माझ्या हातात होतं.

विमानतळावर बॅग यंत्रातून गेली आणि पलीकडे थांबली. गणवेशातल्या बाई माझ्याच वयाच्या असतील. त्यांनी आईला विचारलं, "ही बॅग तुम्ही स्वतः भरलीत का?"

मी तोंड उघडायच्या आत आई म्हणाली, "नाही. यांनी."

"कोणी? कुठे आहेत ते?"

आईने माझ्याकडे पाहिलं. आजवर हे वाक्य तिला कुणासमोर म्हणावं लागलं नव्हतं. सगळ्यांना आधीच माहीत असायचं.

"माझे वडील," मी म्हणाले. "तीन आठवड्यांपूर्वी वारले."

बाईंनी मान खाली घातली, पण बॅग उघडली. आतलं मीही पहिल्यांदाच पाहत होते. आईच्या साड्या गुंडाळून, सापटीत पायमोजे कोंबून, बोट शिरणार नाही अशी भरलेली. मधोमध दोन कापडी पिशव्या. एकीवर पेनाने 'ती', दुसरीवर 'मी'.

बाईंनी 'ती' उघडली. बोटाच्या पेराएवढ्या पांढऱ्या पुड्या, दहा-दहाच्या जुड्या दोऱ्याने बांधलेल्या. प्रत्येकीवर तारीख, आणि 'सकाळ' किंवा 'रात्र'.

"हे असं नाही नेता येत, काकू. तिकडे उतरलात की अडवतील. परवाच एका आजोबांना चार तास बसवून ठेवलं."

"गोळ्या काढून घ्या," आई म्हणाली. "कागद तेवढे द्या."

"आई, एकशेऐंशी पुड्या आहेत. आणि तेवढ्याच दुसऱ्या पिशवीत."

"मग? त्यांनी बांधल्याच ना?"

काउंटर बंद व्हायला वीस मिनिटं होती. बाईंनी घड्याळाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. तसे आम्ही दोघी नियमाच्या एकाच बाजूला होतो. आईने वरची जुडी सोडली आणि पहिली पुडी प्रकाशात धरली.

"ही आजची आहे. आज सकाळची. घाईत राहिली घ्यायची. ही घेऊ की हीसुद्धा नाही चालत?"

आईने पुडी तोंडात रिकामी केली. माझ्याकडची बाटली यादीप्रमाणे रिकामी होती. बाईंनी टेबलाखालून स्वतःची काढून पुढे केली.

मग आईने दुसऱ्या पिशवीतून आजची एक पुडी काढली. त्यातल्या गोळ्या तिने ट्रेमध्ये ओतल्या, एकेक मोजल्यासारख्या, आणि उलगडलेला कागद माझ्यासमोर धरला. "तुला येते ना ही घडी?"

लहानपणी शाळेतून मी थेट दवाखान्यात जायचे. बाबांनी मला बाकावर बसवून ती शिकवली होती: तीन दुमड्या, मग टोक आत खोचायचं, डिंक लागत नाही. तीन दुमड्या बोटांना आठवल्या. टोक कुठल्या बाजूने खोचायचं ते आठवेना. मी दोनदा केली, दोनदा ती हातात उघडली. तिसऱ्या वेळी आईने कागद माझ्याकडून घेतला, आजच्या तिच्या कागदावर ठेवला आणि दोन्ही ब्लाउजमध्ये सरकवले.

"राहू दे," ती म्हणाली. "चला."

बाईंनी दोन्ही पिशव्या उचलून मागच्या पिंपात सोडल्या. पडल्याचा आवाजसुद्धा झाला नाही, इतक्या हलक्या होत्या.

बॅग पुन्हा बंद करताना मधोमध खड्डा राहिला. काउंटरवर आम्ही शेवटचे. मी बॅग पट्ट्यावर चढवली आणि आकड्याकडे पाहत राहिले. वीस किलो सहाशे. दवाखान्याचा काटा जास्त दाखवत होता. किती वर्षं, कोण जाणे. पाकिटांसकट सगळं बसलं असतं. आधीचं, एक किलो जास्त वाटलेलंसुद्धा बसलं असतं.

काउंटरवरचा माणूस मान वर न करता म्हणाला, "अजून दोन किलो नेता येईल तुम्हाला. काही टाकायचंय?"

मी नाही म्हणाले. त्याने मुठीला चिठ्ठी गुंडाळली, बाबांनी बांधलेल्या लाल फितीशेजारी, आणि पट्टा सरकला.

आईला एका कानाने कमी ऐकू येतं. तिने माझी बाही ओढली. "काय म्हणाला गं तो? वजनाचं काही?"

"काही नाही," मी म्हणाले. "बरोबर भरलीय म्हणाला."