पटेलाशिवाय फिर्याद

आदिलाबादेकडच्या गावांतली वंशपरंपरेची पटेलकी सरकारनं काढून दोन-तीन वर्षं झाली होती, पण बयनाबाईच्या अंगवळणी ते पडलं नव्हतं. कापूस वेचताना तिच्या शकूनं तहान लागली म्हणून शेतातल्या रांजणातलं पाणी घेतलं. शेतमालक चंपतनं काठी घातली आणि पोरीचा हात मोडला. आणि बयनाबाई तिला घेऊन गेली कुठं, तर माणिकराव पटेलाच्या दारात. चंपत त्याचाच पुतण्या. पण बौद्धवाड्यातल्या माणसानं ठाण्याची पायरी चढायची ती पटेलाला विचारूनच, ही आजापासूनची चाल.

"घरी जाय. मी ठान्यात सांगतो," पटेल म्हणाला. त्यानं सांगितलं ते चंपतला, की चार दिवस मामाकडे जाऊन राहा.

हे कळल्यावर बयनाबाईला पटेलापेक्षा स्वतःचाच जास्त राग आला. तिनं शकूला बसमध्ये घातलं आणि थेट ठाणं गाठलं.

जमादारानं शकूच्या गळ्यात अडकवलेल्या हाताकडे पाहिलंसुद्धा नाही. "पटेल को लेके आओ. उसके बगैर नहीं लिखते."

"पटेलकी तं सरकारनंच काढली, सायेब."

"तो क्या हुआ?"

सरकारनं घरी बसवलेला पटेल सरकारच्याच ठाण्यात मात्र अजून राज्य करत होता. मायलेकी व्हरांड्यात ठाण मांडून बसल्या. हुसकलं तरी हलेनात. शेवटी पीडा टळावी म्हणून जमादारानंच पटेलाला निरोप धाडला.

माणिकराव आला. त्याला खुर्ची मिळाली, चहा मिळाला. "गावात समजूत झाली," त्यानं ठोकून दिलं.

"कोनाची?" बयनाबाई आत आली. "माही झाली नाई. पोरीची झाली नाई."

"बयना, तोंड आवर. गावात राह्याचं हाय ना?"

आजवर ती पटेलासमोर भुईवरच बसली होती. तिनं दुसरी खुर्ची ओढली, त्याच्या खुर्चीला खेटून मांडली आणि बसली.

"गावातच राहून राह्यलो आमी, अन् राहूच. तुमच्या दारात आली, थे माहं चुकलं. लिवा, जमादार. नाई तं निर्मलले मोठ्या सायबाकडे जातो, थितं नाई तं जिल्ह्याले, आदिलाबादले."

"पहले नीचे बैठो."

बयनाबाई उठली. शकूला आत आणून तिनं त्याच खुर्चीवर बसवलं आणि पाठीशी उभी राहिली. "सांग, कोनं मारलं."

शकूनं चंपतचं नाव घेतलं. जमादारानं पेन उचललं नाही. शकूनं पुन्हा सांगितलं, मोठ्यानं, चंपतच्या बापाच्या नावासकट.